हिरोचा बाप

सिनेमातलं मला काही कळत नाही. पण आमटीत मीठ नाही हे सांगायला आचारी असावं लागत नाही. हल्लीच्या मारामारीच्या सिनेमांत काय नाही, ते मला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. अक्कल नाही.

आमचे हे रिटायर झाल्यापासून आम्ही मंगळवारी सिनेमाला जातो. मंगळवारी तिकीट स्वस्त, आणि एसी मात्र रोजच्याइतकाच गार. कधी बदलापूरला, कधी उल्हासनगरला. कुठला सिनेमा ते बघून जाणारे लोक वेगळे. आम्ही अंबरनाथच्या उन्हातून सुटायला जातो, आणि मग समोर जे काही चाललेलं असतं त्याला मी सोडत नाही. पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघतात. बघेनात का, मीही तिकीट काढलेलं असतं.

पूर्वी दाढी व्हिलनला असायची, म्हणजे माणूस ओळखता तरी यायचा. आता दोघांनाही दाढी. कोण कुणाला बडवतोय ते मध्यंतरापर्यंत कळत नाही. हिरोच्या अंगावर ट्रक घातला तरी तो धूळ झटकून उठतो. आमच्या बिल्डिंगमधला एक जण नुसता स्कूटरवरून घसरला तर अख्खा उन्हाळा पायात सळई घालून गॅलरीत बसला होता. बंदुकीतल्या गोळ्या तर संपतच नाहीत. ह्यांचा जन्म दारूगोळ्याच्या कारखान्यात गेला, निदान ह्यांनी तरी हसावं की नाही? हे टाळ्या वाजवतात.

आणि ते राजाराक्षसांचे सिनेमे! एवढं मोठं राज्य, सोन्याचे खांब, पण मेले एक दिवा लावतील तर शपथ. सगळं काळंकुट्ट. मी ह्यांना म्हटलं, आपल्याकडे शुक्रवारी लाइट जाते तेव्हा असंच दिसतं, त्याला तिकीट कशाला? राक्षसांची फौज म्हणजे एकाच राक्षसाच्या झेरॉक्स. उडणारा तो अजगर की काय, ती आमच्या बाथरूममधली पाल, फक्त पंख लावलेली. आणि तीन तास बसवून शेवटी सांगतात, बाकीचं पुढच्या भागात. लग्नाला बोलवायचं, अक्षता टाकून घ्यायच्या आणि म्हणायचं, पंगत पुढच्या वर्षी.

पण या सगळ्यांत वाईट नोकरी कुणाची असेल तर हिरोच्या बापाची. तो जगूच शकत नाही. तो जगला तर हिरो चिडणार कशावर? कधी सुरुवातीलाच मरतो, नाहीतर सिनेमा सुरू व्हायच्या आधीच मेलेला असतो. हे मी ह्यांना दर मंगळवारी ऐकवत आले. पण आमच्याकडे माझं ऐकायची पद्धत नाही.

आता सासूबाईंबद्दल सांगते. वय ऐंशीच्या पुढे, कानांनी जवळजवळ ठार, अगदी कानाशी ओरडलं तर थोडंफार पोचतं, जीभ मात्र अजून पाजळलेली. बदलापूरच्या अलीकडच्या गावात शेती होती, ती गेली आणि त्या आमच्याकडे आल्या. मुलगे दोन. मोठे दीर पुण्याला, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. गणपतीत अर्धा दिवस येतात, आईच्या पाया पडतात, मोदक खातात आणि ट्रॅफिक लागायच्या आत निघतात. धाकटे म्हणजे आमचे हे. आईची औषधं, आईची आंघोळीची बादली, आईचे पाय चेपणं, सगळं ह्यांच्याकडे. सकाळचा पहिला चहाही हेच करून देतात. आणि रोज तो चहा पिऊन सासूबाई म्हणायच्या, "मोठ्याकडचा चहा निराळाच. त्याची सर तुला नाय यायची."

चहाचंच कशाला, सगळ्याचंच. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्यांचे फोटो: मोठे पदवीच्या झग्यात, मोठे नव्या गाडीला टेकून. ह्यांचा म्हणाल तर एकच. तोही मोठ्यांच्या लग्नातला. हे पंगतीत जिलबी वाढतायत, जिलबीचं ताट पूर्ण दिसतं, ह्यांचा अर्धा कान दिसतो.

साठी उलटलेला माणूस, पण आईने एकदा तरी आपल्याला चांगलं म्हणावं, एवढीच ह्यांना आस. मला तर चीड यायची. मी म्हणायचे, "अहो, दगडाला पाझर फुटेल एक वेळ. सोडा आता." ह्यांनी सोडलं नाही.

गेल्या वर्षी मोठ्या दिरांचा पुण्यात सत्कार झाला. शाल, नारळ, सगळं. त्याचा फोटो आला तशी सासूबाईंनी ह्यांना हुकूम सोडला, "सोनेरी फ्रेम करून आण. बारीक नको, चांगली जाड." हे निघाले उल्हासनगरला. तिथे एक सिंधी फ्रेमवाला आहे, सिनेमा-सिरियलच्या सेटसाठीही भिंतीवरच्या फ्रेमा पुरवतो. भावाचा फोटो काउंटरवर ठेवला, तर तो फोटो राहिला बाजूला, माणूस ह्यांच्याच तोंडाकडे बघत बसला. म्हणाला, "साईं, आप तो हीरो के बाप लगते हो."

झालं! संध्याकाळी हे घरी आले ते चालत नव्हते, तरंगत होते. मोठा हिंदी सिनेमा, मारामारी आणि जादू दोन्ही असलेला, आणि त्यात ह्यांना हिरोच्या बापाचा रोल. कारखान्याच्या नाट्यस्पर्धेत ह्यांनी एकदा हवालदार केला होता, तेवढा अनुभव. पुढच्या आठवड्यात कुठल्याशा स्टुडिओत जाऊनही आले. गंध लावलं, कोट घातला, दिवे लावले, म्हणे.

मी विचारलं, "डायलॉग काय आहे?"

"डायलॉग नाहीये. पण रोल महत्त्वाचा आहे. सगळी स्टोरी माझ्यामुळे सुरू होते."

"मरता का त्यात?"

"छे! मरायचं शूटिंगच नाही केलं."

ते खोटं बोलत नव्हते. स्टुडिओत नुसते फोटो काढले होते, एवढंच माझ्यापासून लपवलं. सेटवर लावायला फोटो लागतो, खऱ्या शूटिंगचा फोन नंतर येईल, असं त्यांना सांगितलं होतं. फोन काही आला नाही. तरी ह्यांची समजूत अशी की घरातला फोटो म्हणजे दिवाणखान्यातला, बायकोबरोबरचा, मांडीवर हिरो बसलेला. इतके सिनेमे बघितले माझ्या शेजारी बसून! फ्रेमवाल्याला माणसाचं काय करायचं असतं, हे साध्या माणसालाही कळलं असतं.

मग ह्यांनी आईचा मोतीबिंदू काढायला घेतला. सासूबाई किती वर्षं टाळत होत्या. पण ह्यांनी पाठच धरली, गोडीने, रागाने, पाया पडून. डॉक्टरला म्हणाले, "सिनेमा लागायच्या आत डोळा तयार पाहिजे." ऑपरेशन झक्क झालं. सासूबाईंना समोरच्या बिल्डिंगमधल्या दोरीवरच्या चड्ड्याही मोजता यायला लागल्या. हे घरभर सांगत फिरायचे, "आता आईला मी स्वच्छ दिसणार."

बिल्डिंगमध्ये तर आधीच बोभाटा झाला होता. हिरोचे वडील म्हटल्यावर लोक जिन्यात हात मिळवायचे. सिनेमा लागला तसे आम्ही सगळे निघालो, चार रिक्षा भरून. ह्यांनी नवा शर्ट घातलेला. सासूबाईंनी खणातली नऊवारी काढलेली. मी मोगऱ्याचा गजरा माळला. का नाही माळणार? हिरोची आई मीच नाही का झाले?

थिएटरमध्ये सासूबाई मध्ये, एका बाजूला हे, एका बाजूला मी. सिनेमा सुरू झाला. पहिली वीस मिनिटं हिरो तुरुंगात होता आणि भिंती फोडत होता. हिरो म्हणजे मागच्या जन्मीचा राजा, पण त्याला ते आठवत नाही. मला मात्र अशा चार राजांची गोष्ट आठवत होती. हे सारखे आईला कोपराने डिवचत होते, "आता, आता येईन."

हिरो सुटून घरी आला. दार करकरलं. आत अंधार, कोपऱ्यात पांढऱ्या साडीतली आई, माझ्या लेकीच्या वयाची असेल नसेल. हिरोने मान वर केली. समोर भिंत. भिंतीवर सोनेरी जाड फ्रेम. फ्रेममध्ये आमचे हे, कपाळाला गंध, फ्रेमला चंदनाचा हार, पुढे समई. कॅमेरा सरकत सरकत पुढे गेला आणि अख्खा पडदा ह्यांच्या तोंडाने भरून गेला.

मागच्या रांगेतून कुणीतरी "काका!" म्हणून शिट्टी मारली आणि ती अर्ध्यावर थांबली.

सासूबाईंनी माझा हात पकडला. कानांनी ऐकू येत नाही म्हणून त्या नेहमी ओरडूनच बोलतात. "अगं, हार कशाला घातला? माझ्या धाकट्याला काय झालं?"

हे त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आई, मी इथे आहे. ते खोटं आहे." पण अंधारात, त्या पडद्यावरच्या दणदणाटात, बाईला काय ऐकू जाणार? त्यांना दिसत होतं तेवढं दिसत होतं. आणि दिसत होतं लख्ख. हिरोने फोटोपुढच्या समईवर हात धरून शपथ घेतली, हिरोची आई हंबरडा फोडून फ्रेमवर कोसळली, आणि इकडे सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "माझा पोर गेला! आणि मला कुणी सांगितलं नाय! मला सिनेमाला आणून बसवलीत!" त्या छाती पिटायला लागल्या. पुढचे लोक वळून बघायला लागले. पहिल्यांदाच माझ्यामुळे नव्हे.

ह्यांनी त्यांना धरून बाहेर पॅसेजमध्ये नेलं. उजेडात त्यांचे दोन्ही हात स्वतःच्या गालांवर ठेवले. "मी आहे, आई. हा बघ मी." त्यांनी चाचपलं, नाक दाबून बघितलं. मग म्हणाल्या, "मग आतला तो कोण?"

"तोही मीच."

बस, तिथेच चुकलं. म्हणायचं होतं, तो नट आहे, दुसराच कुणी आहे. पण नाही! आईने मला पडद्यावर पाहिलं, हे श्रेय सोडवेना. सासूबाई हात खाली घेऊन त्यांच्याकडे बघत राहिल्या. शेजारचे एक गृहस्थ मागून आले आणि समजूत काढल्यासारखं म्हणाले, "चांगलंच आहे काका, खोट्या मरणाने आयुष्य वाढतं."

हे आईला घेऊन घरी गेले. मी आत जाऊन बसले. कुणीतरी बघायला हवं होतं ना पुढे काय होतं ते. पुढे दर थोड्या वेळाने ह्यांचा फोटो. हिरो त्याच्याशी बोलतो, रडतो, तलवार त्याच्यापुढे ठेवतो. मग व्हिलन घरात शिरतो आणि फोटोवर गोळी झाडतो. बरोबर कपाळातल्या गंधावर. काच फुटते, हार तुटतो आणि फ्रेम खाली पडते, हळूहळू, हळूहळू, किती वेळ पडतच असते. हेच दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हसले असते. मी मंगळसूत्र मुठीत धरून बसले होते. मला रडू आलं आणि त्याचाच भयंकर राग आला.

घरी गेल्यावर हे पंख्याखाली नवा शर्ट घालूनच बसले होते. मी म्हटलं, "छान काम केलंत. मेलेल्याचं सोंग इतकं हुबेहूब कुणाला जमत नाही."

ते म्हणाले, "कॅमेऱ्यात बरा दिसतो का पण मी?"

त्या दिवसापासून सासूबाईंचं घसरत गेलं. आधीही विसरायच्या, जेवून झाल्यावर जेवायला मागायच्या, पण माणसं ओळखायच्या. आता ह्यांच्याकडे बघून विचारायच्या, "हा कोण?" आम्ही सांगितलं की मान हलवायच्या आणि तासाभराने पुन्हा, "हा कोण?" डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं, एखादा धक्का बसला की उतरण लागते. मग एके दिवशी विचारायचंही थांबल्या. त्यांच्या लेखी धाकटा गेला होता, आणि हा घरात वावरणारा म्हातारा म्हणजे कुणीतरी कामाला ठेवलेला माणूस होता.

माझी तर दशाच झाली. कुंकू लावून समोर गेले की म्हणायच्या, "नवरा जाऊन किती दिवस झाले गं? लाज नाय?" एकदा गजरा माळला होता तो ओढून काढला आणि खिडकीतून खाली टाकला. नवरा तिथेच उभा, त्यांच्या पायाला तेल लावायची वाटी घेऊन. मी ओरडले, "हा बघा, हा उभा आहे तुमचा धाकटा, चांगला दोन वेळचं गिळतोय!" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि त्या तेलवाल्या माणसाला म्हणाल्या, "डोक्यावर परिणाम झालाय हो बिचारीच्या."

शेवटी मोठ्या दिरांना व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, त्यांचा शब्द म्हणजे वेदवाक्य, त्यांचं तरी ऐकतील. आम्ही सगळा प्रकार सांगितला तर दीर हसत सुटले. हसता हसताच ओरडून म्हणाले, "आई, अगं तो जिवंत आहे, तो सिनेमा होता!" सासूबाईंना ऐकू काय गेलं ते देव जाणे. दिसलं मात्र पोट धरून हसणारं तोंड. त्यांनी फोन उपडा ठेवला. "पाठचा भाऊ गेला आणि हा दात काढतोय," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीवरची ती शाल-नारळाची जाड सोनेरी फ्रेम त्यांनी मला उतरवायला लावली.

मग त्यांनी धाकट्याच्या नावाने घास ठेवायला सुरुवात केली. रोज सकाळी खिडकीच्या ग्रिलमध्ये भाताचा गोळा, वर दही. आमच्या खिडकीवर कावळे एरवी इतके की वाळत घातलेले पापडही सोडत नाहीत. पण त्या भाताला एक कावळा शिवेना. समोरच्या झाडावर बसून मेले बघायचे आणि उडून जायचे. सासूबाई उन्हं चढेपर्यंत हात जोडून बसायच्या. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली, हे कुणालाही माहीत असतं. त्या मला म्हणायच्या, "काहीतरी राहिलंय गं त्याचं मनात. काय राहिलं असंल?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? तुम्हीच आठवा."

एका सकाळी मी पोळ्या लाटत होते. हे चहाचा कप घेऊन सासूबाईंच्या खोलीच्या दारात पोचले होते. आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या ग्रिलपाशी उभ्या होत्या आणि झाडावरच्या कावळ्याशी बोलत होत्या, नेहमीसारखं ओरडूनच. समोरच्या बिल्डिंगलाही ऐकू गेलं असेल.

"ये बाबा. घास घे. तुला कधी गोड बोलली नाय, ते राहिलं ना तुझं? घे, आज बोलते. मोठा नावाचा मोठा. माझं म्हातारपण तूच काढलंस. पाय तूच चेपलेस. मोठ्यापेक्षा तू उजवा व्हतास रे. शंभर हिश्श्यांनी उजवा. हयातीत बोलली नाय, तोंड झडलं व्हतं माझं. आता ये."

कावळा ग्रिलवर आला, दोनदा मान वाकडी केली आणि भाताचा गोळा उचलून गेला.

हे दारातच होते. मी लाटणं तसंच हातात धरून बाहेर आले होते. ह्यांच्या तोंडावर जे होतं ते मी लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं. लहान मुलासारखे दिसत होते. "ऐकलंस?" ते मला म्हणाले. "ऐकलंस ना तू?"

सासूबाईंनी डोळे पुसले आणि वळल्या. चांगल्या हलक्या झालेल्या दिसत होत्या. ह्यांना बघून म्हणाल्या, "आलास का? आण तो चहा."

हे पुढे झाले. सासूबाईंनी कप घेतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"माणूस तू चांगला हायेस," त्या म्हणाल्या. "पण माझा धाकटा चहा करायचा ना, त्याची सर तुला नाय यायची."

"खरंय, आजी," हे म्हणाले.